टूथब्रश विकून विमानाची तिकिटं काढणाऱ्या मुली अमेरिकेच्या पहिल्या कॉलेज चॅम्पियन कशा झाल्या?

मार्च १९७२. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराबाहेर टेकडीवर एक छोटंसं मुलींचं कॉलेज होतं. ते नन्स चालवायच्या. तिथल्या बास्केटबॉल टीमसमोर एक साधाच प्रश्न होता. इलिनॉय राज्यात महिला कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा आहे, आपण पात्र ठरलोय, पण जायचं कशानं? कॉलेजकडे त्यासाठी पैसे नव्हते. मग मुलींनी टूथब्रश विकले, ओळखीच्यांकडून देणग्या मागितल्या. जे जमलं त्यात फक्त आठ खेळाडूंची सोय झाली. तिकिटंही स्टँडबायची. म्हणजे विमानतळावर जाऊन थांबायचं, सीट रिकामी राहिली तर चढायचं.

स्पर्धेत १६ टीम होत्या आणि मानांकनात ही टीम १५ वी होती. परत येताना त्यांच्याकडे कप होता.

या कॉलेजचं नाव इमॅक्युलाटा. आज ते विद्यापीठ आहे. पुढची दोन वर्षंही कप त्यांनीच जिंकला आणि त्यांना ‘मायटी मॅक्स’ हे नाव पडलं. पण काही वर्षांतच ही टीम मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. त्यांचा खेळ काही अचानक बिघडला नव्हता. मुलींच्या खेळाला अमेरिकेत पहिल्यांदाच पैसा आणि मान मिळायला लागला, आणि त्याच लाटेत ही टीम मागे पडली. गोष्ट थोडी विचित्र आहे, म्हणून नीट सांगावी लागेल.

आणि आत्ताच का? तुमच्या फीडवर केटलिन क्लार्कचे रील्स आले असतील. अर्ध्या कोर्टावरून बॉल फेकणारी, आयोवा विद्यापीठाची. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या टीमची साउथ कॅरोलायनाविरुद्धची फायनल अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. पुरुषांची फायनल पाहणारे होते सुमारे १ कोटी ४८ लाख. महिलांच्या कॉलेज फायनलनं पुरुषांच्या फायनलला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं, असं पहिल्यांदाच घडलं. क्लार्क ज्या राज्यात वाढली, त्या आयोवात मात्र १९९३ पर्यंत शाळकरी मुलींना अर्ध्याच कोर्टात खेळवलं जायचं. म्हणून सुरुवात त्या अर्ध्या कोर्टापासून करू.

मुलींसाठी वेगळे नियम

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं बास्केटबॉल शोधला. हिवाळ्यात पोरांना आत कोंडून ठेवायचं तर त्यांना काहीतरी खेळ हवा, एवढाच विचार. पीच फळांच्या दोन टोपल्या वर ठोकल्या आणि झाला खेळ सुरू.

तिथून जवळच नॉर्थहॅम्प्टनला स्मिथ कॉलेज हे मुलींचं कॉलेज आहे. तिथं सेंडा बेरेन्सन ही तरुण शिक्षिका व्यायाम शिकवायची. मूळची लिथुआनियाची, लहानपणी कुटुंबासोबत अमेरिकेत आलेली. तिनं नेस्मिथच्या खेळाबद्दल वाचलं आणि १८९२ मध्ये तो आपल्या मुलींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये कॉलेजातल्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. सुरुवातीलाच एका मुलीचा खांदा निखळला, तरी सामना पुढे चालू राहिला.

म्हणजे खेळाचा शोध आणि मुलींनी तो खेळणं, यात जेमतेम काही महिन्यांचं अंतर आहे. ‘पुरुषांचा खेळ, नंतर बायकांनी उचलला’ असं बास्केटबॉलबद्दल म्हणता येत नाही.

पण बेरेन्सनसमोर अडचण होती. बायकांचं शरीर नाजूक, जास्त धावल्या तर आजारी पडतील, असं त्या काळातले डॉक्टरही सांगायचे. धक्काबुक्की करणारी मुलगी म्हणजे बिघडलेली मुलगी, हे तर सगळ्यांनाच मान्य. म्हणून तिनं नियम बदलले. कोर्टाचे तीन भाग केले. जिला जो भाग दिला, तिनं त्यातच राहायचं, रेषा ओलांडायची नाही. समोरचीच्या हातातून बॉल हिसकावायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. तीन वेळांपेक्षा जास्त टप्पा मारायचा नाही.

आज हे वाचून हसू येतं. पण मला बेरेन्सनला दोष द्यावासा वाटत नाही. नियम मऊ केले नसते, तर मुलींना खेळच मिळाला नसता. त्रास पुढे झाला. तात्पुरती वाटणारी ही तडजोड पुढे जवळपास ८० वर्षं टिकली. कोर्टाचे तीन भाग होते, त्यांचे १९३८ मध्ये दोन झाले. एका टीममध्ये सहा जणी, तीन फॉरवर्ड आणि तीन गार्ड. फॉरवर्डनं फक्त बास्केट करायची, गार्डनं फक्त अडवायचं. मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. म्हणजे गार्ड म्हणून खेळलेली मुलगी अख्खी कारकीर्द एकही बास्केट न करता संपवू शकत होती.

१८९६ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. महिलांचा हा पहिला आंतरविद्यापीठ सामना मानतात. स्टॅनफर्ड २-१ नं जिंकलं (हो, स्कोअर बरोबर वाचलात). प्रेक्षक म्हणून फक्त बायकांना प्रवेश होता. पण १९२० च्या दशकात शारीरिक शिक्षणातल्या महिलांनीच ठरवलं की कॉलेजांनी एकमेकांविरुद्ध जिंकण्यासाठी खेळूच नये. स्पर्धेऐवजी ‘प्ले डे’ भरवायचे, वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली मिसळून टीम करायच्या, खेळून झालं की चहा-बिस्किटं. बऱ्याच कॉलेजांनी आपल्या टीम बंद केल्या.

मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा स्टेट या कॉलेजनं १९३२ मध्ये हेच केलं. खेळ मुलींना झेपणार नाही, असं कारण दिलं. त्या टीममध्ये मार्गारेट वेड नावाची मुलगी होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी चिडून आपले गणवेश जाळले. हे नाव लक्षात ठेवा, ती या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

४५० डॉलरची कोच

इमॅक्युलाटा कॉलेज १९२० मध्ये सुरू झालं. बास्केटबॉल तिथं १९३९ पासून होता. फिलाडेल्फियाची एक खास गोष्ट अशी की तिथल्या कॅथलिक शाळांमध्ये मुलींची बास्केटबॉल लीग जोरात चालायची. पॅरिशच्या हॉलमध्ये सामने, घरचे सगळे बघायला. बाकी देशात मुलींना ‘चहा-बिस्किट’ बास्केटबॉल मिळत असताना इथल्या मुली लहानपणापासून जिंकण्या-हरण्याची सवय असलेल्या होत्या. आपल्याकडे एखाद्या गावातून कबड्डीच्या पोरी पिढ्यान्पिढ्या निघतात, तसंच काहीसं.

१९६७ मध्ये कॉलेजचा इनडोअर हॉल जळून खाक झाला. टीमला घरचं कोर्ट राहिलं नाही. १९७० मध्ये कॉलेजनं नवी कोच घेतली, कॅथी रश. वय २३ च्या आसपास. जवळच्याच वेस्ट चेस्टर कॉलेजातून शिकलेली. तिचा नवरा एड रश हा एनबीएमध्ये रेफरी होता. पगार वर्षाला ४५० डॉलर. वर्षाला, महिन्याला नाही. सराव कुठे, तर नन्सच्या निवासाच्या तळघरात.

गणवेशाची तर वेगळीच तऱ्हा. लोकरी ट्युनिक, शाळेतल्या पिनाफोरसारखा, कमरेला पट्टा, घड्यांचा घेर. ते घालून धावायचं, उडी मारायची, घामानं भिजायचं.

मग रशनं वेगळं काय केलं? तिनं मुलींकडे खेळाडू म्हणून पाहिलं. पुरुषांच्या टीम ज्या पद्धतीनं खेळतात, त्या पद्धती तिनं शिकवल्या. कोर्टभर दबाव टाकणारा बचाव, वेगानं पलटवार. नवरा एनबीएत असल्यामुळे व्यावसायिक खेळ ती जवळून बघत होती. आणि नेमक्या याच काळात नियम बदलले. १९७१ मध्ये महिलांसाठी पाच जणींचा, पूर्ण कोर्टाचा खेळ अधिकृत झाला. मधली रेषा ओलांडायला परवानगी मिळाली. सहा जणींच्या सवयीतून बाहेर यायला इतर टीम चाचपडत होत्या, तेव्हा रशच्या मुली धावायला तयार होत्या.

टीमची खरी ताकद होती टेरेसा शँक. उंच सेंटर. ती खरं तर दुसऱ्या कॉलेजात जायची होती. पण कॉलेज सुरू होण्याच्या आधी तिच्या कुटुंबाचं घर आगीत गेलं. अशा वेळी लांब जाण्यापेक्षा घरच्यांजवळ राहून शिकावं म्हणून ती इमॅक्युलाटाला आली. खेळासाठी स्कॉलरशिप हा प्रकारच नव्हता. महिला खेळ चालवणाऱ्या संघटनेनं त्यावर बंदीच घातली होती.

ही बंदी महत्त्वाची आहे. स्कॉलरशिप नाही म्हणजे मोठ्या विद्यापीठांना पैसा टाकून चांगल्या खेळाडू ओढता येत नव्हत्या. मुली घराजवळचं कॉलेज निवडायच्या. आणि फिलाडेल्फियात चांगल्या खेळाडू मुबलक होत्या. छोट्या कॉलेजला जिंकण्याची संधी या एका खिडकीतून आली होती, आणि ती खिडकी फार काळ उघडी राहणार नव्हती.

आठ जणी आणि चार सामने

महिला कॉलेज खेळांसाठी १९७१ मध्ये एआयएडब्ल्यू ही नवी संघटना तयार झाली. त्याआधीही मोठ्या स्पर्धा झाल्या होत्या, पण त्या निमंत्रणाच्या. कॉलेजांनी विभागीय फेरीतून पात्र होऊन यायचं, अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ ची. ठिकाण इलिनॉय राज्यातलं नॉर्मल नावाचं गाव.

तिथं जाण्याआधी इमॅक्युलाटाची चांगलीच जिरली होती. विभागीय फायनलमध्ये वेस्ट चेस्टरनं त्यांना ७०-३८ असं, म्हणजे ३२ पॉइंटनं धुतलं. वेस्ट चेस्टर म्हणजे कोच रशचं स्वतःचं कॉलेज, आणि इमॅक्युलाटाच्याच जिल्ह्यातलं. ताकदवान, सरकारी, शारीरिक शिक्षणासाठी प्रसिद्ध. तरी दोन्ही टीम राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरल्या. १५ वं मानांकन मिळालं ते या पराभवामुळेच.

आठ खेळाडू म्हणजे कोर्टावर पाच आणि बाकावर तीन. कुणी जखमी झालं किंवा फाउल भरले तर संपलंच. पण त्या जिंकत गेल्या. सेमीफायनलमध्ये मिसिसिपी स्टेट कॉलेज फॉर विमेनला हरवलं. आदल्या वर्षीची निमंत्रित स्पर्धा याच कॉलेजनं जिंकली होती. फायनलला समोर कोण? पुन्हा वेस्ट चेस्टर.

या वेळी स्कोअर होता ५२-४८, इमॅक्युलाटाच्या बाजूनं. काही दिवसांपूर्वी ३२ पॉइंटनं हरलेली टीम त्याच टीमला चार पॉइंटनं हरवून देशात पहिली आली.

१९७३ मध्ये त्या संपूर्ण मोसमात एकही सामना हरल्या नाहीत. फायनलमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजला ५९-५२ नं हरवलं, तेही क्वीन्सच्याच कोर्टावर. १९७४ मध्ये मिसिसिपी कॉलेजला ६८-५३. सलग तीन.

नन्सच्या बादल्या

या टीमचे सगळ्यात कट्टर चाहते म्हणजे कॉलेजच्या नन्स. पायघोळ झगा, डोक्यावर वस्त्र आणि हातात पत्र्याच्या बादल्या. रेने म्यूथ या खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते सामन्याला बादल्या आणि लाकडी दांडके घेऊन यायचे, आणि नन्स त्या बडवायच्या. इतका आवाज व्हायचा की पुढे स्पर्धेत अशा वाजवण्यावर बंदी घालावी लागली. आयपीएलच्या काळात जन्मलेल्यांना यात विशेष वाटणार नाही. पण १९७२ मध्ये मुलींच्या कॉलेज सामन्याला प्रेक्षक येतात आणि गोंगाट करतात, हीच बातमी होती.

मग टीव्ही आला. २६ जानेवारी १९७५ ला इमॅक्युलाटा विरुद्ध मेरीलँड विद्यापीठ हा सामना देशभर प्रसारित झाला. महिला कॉलेज बास्केटबॉलचा हा पहिला राष्ट्रीय प्रसारित सामना. निकाल ८०-४८. टेकडीवरच्या छोट्या कॉलेजनं अवाढव्य सरकारी विद्यापीठाला त्याच्याच घरात लोळवलं.

महिन्याभरात, २२ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिला कॉलेजांचा पहिला सामना झाला. बास्केटबॉलमध्ये गार्डनचं स्थान म्हणजे क्रिकेटमधल्या लॉर्ड्ससारखं. इमॅक्युलाटा विरुद्ध क्वीन्स, जवळपास १२ हजार प्रेक्षक. इमॅक्युलाटानं ६५-६१ नं जिंकलं.

या कहाणीवर ‘द मायटी मॅक्स’ नावाचा इंग्रजी सिनेमा २०११ मध्ये आला. कार्ला गुजिनोनं त्यात कॅथी रश केली आहे. सिनेमा कपापाशी संपतो. पुढची गोष्ट जास्त रंजक आहे, असं माझं मत.

मार्गारेट वेड परत येते

गणवेश जाळणारी ती मुलगी आठवते? डेल्टा स्टेटनं १९७३ मध्ये, म्हणजे चार दशकांनी, मुलींची टीम पुन्हा सुरू केली आणि कोच म्हणून बोलावलं मार्गारेट वेडलाच. तेव्हा तिनं साठी ओलांडली होती.

तिच्या टीममध्ये लुशिया हॅरिस होती. सहा फूट तीन इंच उंच, मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातली. बास्केटच्या जवळ तिला अडवणं कुणालाच जमत नव्हतं. १९७५ च्या फायनलमध्ये डेल्टा स्टेटनं इमॅक्युलाटाला ९०-८१ नं हरवलं. १९७६ मध्ये पुन्हा, ६९-६४. टीम पुन्हा उभी राहिल्यापासून दुसऱ्याच मोसमात वेडनं देशाचा कप नेला होता.

१९७६ मध्येच मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आला. त्या स्पर्धेतली पहिली बास्केट लुशिया हॅरिसची. पुढच्या वर्षी एनबीएच्या न्यू ऑर्लिन्स जॅझनं तिला ड्राफ्टमध्ये निवडलं, पण ती गेली नाही. तिच्यावरची ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ ही छोटी डॉक्युमेंटरी २०२२ मध्ये ऑस्कर जिंकली. त्याच्या दोन-अडीच महिने आधीच ती वारली होती.

कॅथी रशनं १९७७ मध्ये कोचिंग सोडलं. सात मोसमांत १४९ विजय आणि १५ पराभव. त्यानंतर इमॅक्युलाटा राष्ट्रीय पातळीवर कधीच तशी दिसली नाही.

३७ शब्दांचा कायदा

इमॅक्युलाटानं पहिला कप जिंकला मार्च १९७२ मध्ये. त्याच वर्षी २३ जूनला अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. इंग्रजीत त्याचं मुख्य वाक्य फक्त ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. त्यात खेळ हा शब्दही नाही.

पण खेळही शिक्षणसंस्थेचाच भाग. मुलांना कोर्ट आहे तर मुलींना का नाही? मुलांच्या टीमला बस, कोच, स्कॉलरशिप, मग मुलींच्या टीमला टूथब्रश का विकावे लागतात? विद्यापीठांना उत्तर द्यावं लागलं. महिलांच्या स्कॉलरशिपवरची बंदी १९७३ मध्ये एका कोर्ट केसनंतर उठली. १९७१-७२ मध्ये अमेरिकेच्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार. आज तो आकडा ३० लाखांच्या वर आहे.

आणि इमॅक्युलाटा? टेनेसी, टेक्सस, लुईझियाना टेक अशी मोठी विद्यापीठं मैदानात उतरली. त्यांच्याकडे हजारो प्रेक्षकांची स्टेडियम होती, स्कॉलरशिपसाठी पैसा होता. फिलाडेल्फियाची चांगली खेळाडू आता घराजवळच का राहील? १९८२ मध्ये पुरुषांचे कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएनं महिलांची स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यू बंद पडली.

मुलींच्या खेळासाठी झालेल्या सगळ्यात मोठ्या कायद्यानं मुलींचीच एक टीम मागे पडली, हे खरं आहे. तरी मला हा कायद्याचा दोष वाटत नाही. इमॅक्युलाटा जिंकत होती तेव्हा देशातल्या बहुतेक मुलींना खेळायलाच मिळत नव्हतं. त्यांच्या यशात त्यांच्या मेहनतीइतकाच त्या परिस्थितीचाही वाटा होता.

एक नुकसान मात्र खरंखुरं झालं. १९७२ मध्ये महिलांच्या कॉलेज टीमच्या ९० टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या. पगार वाढले, तसे पुरुष या नोकऱ्यांकडे वळले. आज महिला टीमना महिला कोच असण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे.

इमॅक्युलाटाच्या मुली मात्र कोचिंगमध्ये टिकल्या. टेरेसा शँक, लग्नानंतर टेरेसा ग्रेंट्झ, हिच्या रटगर्स विद्यापीठानं १९८२ मध्ये एआयएडब्ल्यूचा शेवटचा कप जिंकला. म्हणजे पहिला कप खेळाडू म्हणून, शेवटचा कोच म्हणून. १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये ती अमेरिकेची कोच होती. मारिॲन क्रॉफर्ड, नंतरची मारिॲन स्टॅन्ली, हिनं ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला तीन राष्ट्रीय कप मिळवून दिले. बादलीवाल्या वडिलांची मुलगी रेने, नंतरची रेने पोर्टलंड, पेन स्टेटची नामांकित कोच झाली. पण समलिंगी मुली आपल्या टीममध्ये नकोत, ही तिची भूमिका होती. विद्यापीठाच्या चौकशीत तिनं भेदभावाविरुद्धचा नियम मोडल्याचं ठरलं आणि २००७ मध्ये तिनं राजीनामा दिला. सिनेमात बसणार नाही, पण इतिहासात हेही आहे.

कॅथी रशला २००८ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तिच्या तीन कपांच्या टीमला २०१४ मध्ये. कॉलेज २००२ मध्ये विद्यापीठ झालं आणि २००५ पासून तिथं मुलगेही शिकतात. टीम आजही आहे, एनसीएएच्या तिसऱ्या गटात. या गटात खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही असा नियम आहे.

झाईतून विद्यापीठाच्या टीमपर्यंत

आता आपल्याकडे येऊ. बास्केटबॉल भारतात वायएमसीएनं रुजवला. मद्रासमध्ये हॅरी बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं, तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. १९५० मध्ये राष्ट्रीय फेडरेशन झालं. मुंबईत नागपाडा हा या खेळाचा बालेकिल्ला. पुढे महिला बास्केटबॉल टिकवला तो मुख्यतः रेल्वेनं, कारण खेळाडू मुलींना नोकरी मिळाली. अमेरिकेत जे काम स्कॉलरशिपनं केलं, ते इथं काही प्रमाणात रेल्वेच्या नोकरीनं केलं.

भारताची महिला टीम अजून ऑलिम्पिकला गेलेली नाही. २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया कपच्या ‘ब’ गटात तिनं कझाकस्तानला ७५-७३ नं हरवून सुवर्ण जिंकलं. त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती. बेंगळुरूची संजना रमेश, पंजाबची हरसिमरन कौर अशा मुली आता स्कॉलरशिपवर थेट अमेरिकन विद्यापीठांच्या टीममध्ये खेळल्या आहेत. टायटल नाइननं उघडलेल्या दारातून आपल्याही मुली आत गेल्या, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या विद्यापीठांची पद्धत अशी: आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून विद्यापीठाची एक टीम, ती पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, तिथून पुढे अखिल भारतीय. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धाही आहेत. कागदावर रस्ता सगळ्यांना सारखाच.

आता हाच रस्ता झाईतून बघा. झाई म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तरेकडचं टोक. मच्छीमारांची वस्ती, पलीकडे गुजरातचं उंबरगाव. डहाणू-तलासरीतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाचं क्रीडा पॅव्हेलियन मरीन लाइन्सला. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली खरी, पण डहाणू ते चर्चगेटच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि झाईच्या मुलीला आधी रिक्षा किंवा एसटीनं डहाणू गाठायचं असतं. निवड चाचणी सकाळी असेल तर निघायचं किती वाजता, सोबत कोण येणार, परत यायला रात्र झाली तर काय? गावाकडच्या मुलीचं खेळणं बरेचदा याच प्रश्नांवर अडतं. कोर्टावर तिची पाळी येण्याआधीच.

दुसरा प्रश्न जागेचा. या पट्ट्यात मुलींचा खेळ म्हटलं की कबड्डी, खो-खो आणि धावणं. ते साहजिक आहे. महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटर जमीन आणि चुन्याच्या रेघा पुरतात. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं, खाली पक्कं, दोन्ही टोकांना ३.०५ मीटर उंचीवर रिंग. शाळा-कॉलेजला हा खर्च आहे.

इथं एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. थ्री बाय थ्री नावाचा प्रकार टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. एका टीमच्या तीन जणी कोर्टावर, एक बदली खेळाडू, १० मिनिटांचा सामना, एकच रिंग आणि कोर्ट १५ बाय ११ मीटर, म्हणजे जवळपास अर्धंच. कॉलेजला सुरुवात करायची तर चार मुली, सहा नंबरचा बॉल आणि एक रिंग एवढ्यावर होते. फरक इतकाच की या अर्ध्या कोर्टात मधली रेषा नसते. जी अडवते तीच बास्केटही करते.